मोडायचं विमान

आमच्या लेकीसाठी माझ्या भावानं हैदराबादहून एक विमान आणलं. तळहातावर मावेल एवढं जेट. पंख मागं दुमडून शेपूट खाली ओढली की त्याचा रोबोट उभा राहायचा. लेक सहा वर्षांची. तिनं तो एकदा उभा केला असेल नसेल, तोवर आमच्या ह्यांनी तिच्या हातातून काढून घेतला. "थांब गं, बघू दे कसं केलंय."

ते बघणं काही संपलंच नाही.

झरीला आमची पिठाची गिरणी होती. लाईट गेली की बायका दळणाच्या डब्यांना टेकून बसायच्या आणि हे त्यांना जेट उघडून दाखवायचे. नाक मागं वळलं की छाती, शेपटाचे पाय. बाहेर विद्यापीठाच्या नामांतरावरून जिकडंतिकडं वाद पेटलेला, आणि आमच्या गिरणीत चर्चा जेटाच्या नाकाची! बायका माना डोलवायच्या. लाईट येईपर्यंत दुसरं करणार काय? लेक दारात उभी राहून हात पुढं करायची. हे म्हणायचे, "मोडशील." माझ्या डोक्यात तिडीक जायची.

पुढं परभणीच्या उरुसातून, सोनपेठच्या बाजारातून नवी नवी जेटं घरात यायला लागली. अभ्यासाला म्हणे! पहिल्यात लोखंडी स्क्रू होते. नंतरच्यात प्लॅस्टिकच्या खुंट्या आल्या, मग चाकं नुसती शोभेला उरली. शेवटी उरुसातून आलेल्याचे पंख अंगालाच ओतलेले, आणि जिथं स्क्रू असायचा तिथं स्क्रूचा नुसता ठसा, मधल्या चिरेसकट.

"नकलेची नक्कल," हे खुशीत म्हणाले. "करणाऱ्यानं अस्सल जेट हातात घेऊन बघितलंच न्हाई."

"अहो, लेकीला तरी कुठं घेऊ दिलं तुमी?" मी म्हटलं. पण ऐकतंय कोण.

ते न वळणारं जेट तेवढं लेकीच्या वाट्याला आलं. उरुसातल्या दुकानदारानं तिच्या हातात देताना दखनीत सांगितलं होतं, "इसकू मोडो बेटी, आदमी बनता." त्याच्या बोलीत मोडो म्हणजे दुमड. आमच्या पोरीला मराठीतलं मोडणं तेवढं ठाऊक. घरी आल्यावर तिनं पंख काडकन मोडले, मग शेपूट मोडली, आणि तुकडे पुढ्यात घेऊन माणूस व्हायची वाट बघत बसली.

हे ओरडले. ती रडत म्हणाली, "त्या चाचानंच सांगितलं, मोड म्हणून."

आता मात्र माझा तोल गेला. हातातलं काम टाकून उठले, ह्यांच्या फळीवरचं हैदराबादचं जेट काढलं आणि तिच्या हातात दिलं. "हे तिचं हाय. तिच्या मामानं तिला दिलंय. आता कुणी हात लावायचा न्हाई."

तिनं डोळे पुसले. पंख मागं ओढले, हलेनात. शेपूट ओढली, तीही जागची हलेना. मी ह्यांच्याकडं बघितलं.

"सांधे ढिले व्हायलते," हे खाली बघत म्हणाले. "झिजू नये म्हणून चिकटवून टाकले."

लेकीनं जेट उलटंपालटं करून बघितलं.

"मग रोबोट कुठंय, बाबा?"

"आतच हाय की," हे म्हणाले.