गॅरेजमधला तांडा

याडी गेल्याची बातमी तुमच्या गावी पोहोचायच्या आधी माझ्या दारात आली. त्यांचा पुतण्या आर्णीजवळच्या तांड्यावरून मोटारसायकलने यवतमाळला आला होता. चप्पल न काढताच म्हणाला, "मावशी, काकू गेली. सकाळी चहा मांगतला, अन् चहा होऊ तवर..." तुमच्या बाबांना फोन मीच केला. अन्वय, रेवा, तेव्हा तुमच्याकडे रात्र होती, तुम्ही झोपेत होतात. याडी म्हणजे तुमच्या बाबांची आई, माझी विहीण. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. बाबा म्हणायचे, तेच तुम्ही उचललंत. आता काही आठवडे उलटलेत. तुमच्या आईच्या या आईला वाटतं, त्या बाईनं तुमच्या गावी काय करून दाखवलं ते तुम्हाला नीट सांगून ठेवावं. रेवा, तू तर तेव्हा पाळण्यात होतीस.

तुझ्या जन्माच्या वेळी आम्ही दोघी विहिणी बरोबरच कॅनडाला आलो. तुमचं ते उपनगर मी फोटोंत पाहिलं होतं, तरी डोळ्यांवर विश्वास बसेना. सारखी उंच नवी घरं, प्रत्येकापुढे दोन मोटारी, कोपऱ्याकोपऱ्यावर मुलांची बाग, पाळण्यातल्या बाळांसाठीही वेगळा कोपरा असलेलं वाचनालय, आणि गल्लीच्या टोकाला नव्या घरांची आणखी एक ओळ उभी राहत असलेली. याडी खिडकीत बसून बघत. शाळेची पिवळी बस थांबली की दोन्ही बाजूंच्या मोटारी जागच्या जागी थांबायच्या. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्यांनी काचेआडून हात जोडले. "एका लेकरासाठी एवढ्या गाड्या थांबतेत! देवमानसायचं गाव हाय हे." मग जरा वेळानं म्हणाल्या, "पन विहीणबाई, मानसं कुठं हायेत?" खरंच दिसत नसत. गॅरेजचं दार वर जाई, मोटार आत जाई, दार खाली येई. हिवाळाभर आम्ही शेजाऱ्यांच्या मोटारी ओळखायला शिकलो, शेजारी नाही.

होळी जवळ आली तशी याडींनी जाहीर केलं, "रेवाची धुंड करायची." वर्षभरात जन्मलेल्या बाळाला होळीला सगळा तांडा बघायला येतो. बाळाच्या डोक्यावर काठी आडवी धरतात, त्या काठीवर बाकीचे आपापल्या काठ्यांनी ठोके देतात आणि आशीर्वाद म्हणतात. त्यालाच धुंड म्हणतात. बाबा हसले. "याडी, पोरीची धुंड नसते. अन् इथं तांडा कुठाय?"

"पोरीची काहून नाही? अन् तांडा नसन तं बसवू. तुह्या आजाले कुठं तयार भेटला होता?"

"अन् तांड्याच्या नायकाला कोण विचारणार?"

"इथची नायक मीच."

बाबा फोन घ्यायला उठले, तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी उतरला होता. "मी उद्या जाईन, तुम्ही परवा जासान. या पोरीचं काही झालं तं 'हे आपली हाय' म्हनून धावत येनारं कोन राहीन इथं? मले झोप नाही येत, बाई."

एवढं ऐकल्यावर मी कोट चढवला. याडी दार वाजवणार, मी इंग्रजीत सांगणार, असं ठरलं. समोरच्या घरात डोरोथी नावाची उंच, एकटी बाई राहत होती. मी कॉलेजात शिकले तशा शुद्ध इंग्रजीत सांगितलं, "रविवारी बाळाला बघायला यावं, आणि कृपया येताना एक काठी आणावी." डोरोथीनं विचारलं, काठी कशाला? मी खरं तेच सांगितलं, बाळाच्या डोक्यावर ठोकायला. तिचा चेहरा पाहून याडी मला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "कलेक्टर हापिसाची नोटीस आनल्यावानी काय सांगता? जरा हासा! इंग्रजी काय लोनच्यात मुरवाले ठेवलं तुम्ही?" मग स्वतःच पुढे झाल्या. एका हातात बाळ धरल्यासारखं केलं, दुसऱ्या हातानं हवेत ठोके दिले, गोरबोलीत दोन ओळी गायल्या आणि डोरोथीच्या गालावरून हात फिरवून तिची दृष्ट काढत कडाकड बोटं मोडली. डोरोथी हसायला लागली. पुढच्या दारांवर मी नुसती मागे उभी राहिले.

रविवारी बाहेर बर्फ होता, म्हणून गॅरेज रिकामं केलं. आईनं भजी तळली. वेळ झाली, कुणी येईना. बाबा घड्याळाकडे आणि आई बाबांकडे बघत होती. याडी लाल फेटिया, म्हणजे त्यांचा घेरदार घागरा, नेसून, हातभर बांगड्या घालून तुला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. मग डोरोथी आली, हातात स्वतःची चालायची काठी. तिच्यामागून शेजारचं चिनी जोडपं झाडूचा दांडा घेऊन. मग हॉकीच्या काठ्या घेतलेली मुलं, त्यांचे आईबाप, बर्फ झाडण्याचं फावडंच घेऊन आलेला एक दाढीवाला गृहस्थ. याडींनी तुला तुझ्या आईच्या मांडीवर दिलं, आडवी काठी धरायला दोघांना उभं केलं आणि गायला सुरुवात केली. ठोके आधी भीत भीत पडले, मग एका तालात. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या हात उंचावत आणि अर्थ ठाऊक नसलेली ती सगळी माणसं मिळून हुंकार देत. गॅरेज दणाणत होतं, तू डोळे मोठे करून वर बघत होतीस आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता. मी आयुष्यात पुष्कळ समारंभ पाहिले, नीटनेटके पार पाडलेही. पण एका म्हाताऱ्या बाईनं, एक शब्द समान नसताना, परक्या गल्लीतून गाव उभं केलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. नंतर भजी खाताना फावडेवाले गृहस्थ आणि चिनी जोडपं एकमेकांना नाव विचारत होते. त्यांच्या भिंती लागून होत्या.

परवा मी तांड्यावर भेटायला गेले. त्यांच्या खोलीत बायका बसल्या होत्या. मला वाटलं, त्या याडींच्या जाण्याचं बोलतील. पण मी टेकते न टेकते तोच एक म्हातारी, जी आर्णीच्या पलीकडे कधी गेलेली नाही, मला म्हणाली, "बाई, त्या डोरोथीचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, ते झालं काय? याडीनं सांगतलं होतं, तिच्या घरी पाहाले कोनी नाही." दुसरी म्हणाली, "अन् चिन्यायच्या सुनेले पोरगी झाली का पोरगं?" तुमच्या दर फोननंतर याडी तुमची गल्ली घरोघर इथं सांगत होत्या.

विचारून सांगते, असं मी त्यांना म्हणाले. तेव्हा अन्वय, रेवा, हे वाचून झालं की समोर जा आणि डोरोथीला गुडघ्याचं विचारून या. तांडा वाट बघतो आहे.