कुठं दुखतंय?

मुलुंडच्या आमच्या दवाखान्यातले कंपाउंडर डोकेदुखीवाल्याला आधी विचारत, "बोटानं दाखव बघू, कुठं दुखतंय?" अर्धशिशीवाल्याला ते अंधारात निजायला सांगत, सर्दीनं कपाळ ठणकणाऱ्याला वाफारा घ्यायला. मला हसून म्हणाले, "तुला चष्मा लागलाय रे."

एकदा शेजारच्या वहिनी तापानं फणफणत आल्या. "डोकं फुटतंय हो!" कंपाउंडरांनी त्यांना हनुवटी छातीला टेकवायला सांगितली. मान वाकेचना. कंपाउंडरांचं हसू मावळलं; तापात मान ताठली म्हणजे मेंदूज्वराची शंका. डॉक्टर बाहेर गेले होते. त्यांची वाट न बघता कंपाउंडरांनी वहिनींना टॅक्सीत घालून इस्पितळ गाठलं.

तीन आठवड्यांनी ठणठणीत झालेल्या वहिनी पेढे घेऊन आल्या. एरवी घडाघडा बोलणारे कंपाउंडर लाजून बाटल्या पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "दोन घेऊ का?"