न फोडलेला डबा

आशियाभरातल्या लहान गावांना टेनिसचं सामान पाठवणाऱ्या समितीवर मी आहे. ‘आल्या दिवशीच वापरायला काढा’ असं प्रत्येक खोक्यावर छापलंच पाहिजे, हा माझा हट्ट. बाकीचे हसतात. काल बैठकीत कुणीतरी चेंडूंचा नमुन्याचा हवाबंद डबा फोडला. फुस्स आवाज झाला, नव्या चेंडूंचा तो रबरी वास आला, आणि मी थेट राजूरच्या शाळेत.

तिथं मी खेळाचा मास्तर होतो. असंच एक खोकं आमच्याकडेही आलं होतं. आम्ही त्याला हार घातला, फोटो काढला आणि कपाटात कुलूपबंद केलं. तपासणीच्या साहेबांनी पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही, हे माझंच फर्मान.

एका दुपारी आठवीतली संगीता कपाटासमोर येऊन उभी राहिली. पायांवर मैदानातली फक्की, हातात लव झडून गुळगुळीत झालेला आमचा एकुलता एक चेंडू. तिच्यासारखा फटका मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

“सर, एक डबा फोडा ना. हा उसळूनच न्हाई राह्यला.”

“साहेब येऊन जाऊ दे. मंग सगळे तुझेच.”

“बराबर ना?”

“बिलकुल.”

ती हसत पळाली. पोरीला धीर धरायला शिकवलं, म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

साहेब दोन वर्षांनी आले. त्यांच्यासमोर डबा फोडला. चेंडू अगदी ताजे निघाले, गुडघ्याच्या वर उसळले. संगीता तोवर सासरी गेली होती.