गळ्यातलं लेबल

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. पोरगा कागलच्या एमआयडीसीत, बिऱ्हाड तिकडंच. दिवसभरात मी बोलायचो ते एकाच माणसाशी. माझ्या टेलरिंगच्या दुकानात पायरीजवळ पोतं टाकून तो हातानं काज-बटण करायचा. दुपारी त्याच्या घरचं कालवण आणि मी थापलेल्या वाकड्या भाकऱ्या, असं आमचं जेवण. शुक्रवारी तो नमाजाला गेला की तेवढा तासभरसुद्धा दुकान खायला उठायचं.

मी चौथी नापास. पण शर्ट शिवला की कॉलरच्या आत माझ्या नावाचं लेबल लागणारच. निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं. 'लेबल नको, टोचतंय,' असं गिऱ्हाईक म्हणालं तर मी सांगायचो, 'मग शर्टबी नको.' त्यापायी गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत म्हटलं.

एका सकाळी तो गाठोडं घेऊन आला. इचलकरंजीकडल्या कुठल्याशा कारखान्यातले तयार शर्ट, आणि पिशवीभर परदेशी कंपनीची लेबलं.

"हे काय रं?"

"एका व्यापाऱ्याचं काम हाय. नुसती लेबलं लावायची."

"कंपनीनं पाठवल्यात?"

तो हसला. "कंपनी कशाला मरायला हिकडं येतीया, मास्तर!"

मी एक शर्ट उलटा करून बघितला. शिलाई सरळ, कॉलर ताठ. काम वाईट असतं तर एवढा राग आला नसता. इतकं चांगलं शिवणारा माणूस त्यावर दुसऱ्याचं नाव लावू देतो, हे मला सोसेना.

"ही चोरी हाय मर्दा."

"कापड त्येच, शिलाई तीच. गळ्यात ही चिंधी आली की दहापट भाव. चोर कोण ते आधी ठरीव."

"त्यांनी नाव कमावलंय."

"पर शिवलंय काय त्यांनी? तिथंबी आपल्यासारखाच कोणतरी मान मोडून बसला असंल. त्येचं नाव हाय कुठं?"

"माझ्या शर्टात माझं नाव हाय. मी शिवतो म्हणून हाय."

त्यानं सुई कापडात खोचून ठेवली. "आणि काजं कोण करतंय? तीस वर्षं झाली. तुझ्या शर्टाची काजं लोक बटणं सोडून बघत्यात. माझं नाव कुठं हाय त्यात?"

खरं होतं ते. काजांचं कौतुक झालं की मी म्हणायचो, 'आमच्या दुकानाचं काम हाय.' तो खाली मान घालून सुई ओवत असायचा.

मी आवाज चढवला.

"तुला मजुरी देतो की!"

"कंपनीबी तिच्या शिंप्याला मजुरी देतीया."

"मग जा कंपनीकडं. माझ्या छपराखाली हे चालायचं न्हाय."

त्यानं शर्टांच्या एकेक करून घड्या घातल्या, गाठोडं बांधलं. रिळं, कातर गोळा केली. मग बसायचं पोतं झटकलं आणि तेही काखेत मारलं. पोतं गेलं तेव्हा मला कळलं, हा परत यायचा नाही. 'बस की लेका,' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी मशीन मारत बसलो.

दुपारी भाकरी सोडली आणि तशीच बांधून ठेवली. एक शर्ट तयार होता, काजं तेवढी राहिलेली. म्हटलं, आपण काय कमी आहोत काय? एक काज करून बघितलं. म्हशीच्या डोळ्याएवढं झालं. उसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता तो शर्ट घेऊन त्याच्या घरी गेलो. 'माझं चुकलं' म्हणायचं ठरवून निघालो होतो. दारात उभा राहिल्यावर तोंडातून निघालं ते, "काजं करायची हाईत."

तो मांडीवरच्या शर्टात लेबल लावत होता. मान वर केली नाही.

"ठेवा तिथं पावणं. चार दिसांनी या."

मी शर्ट ठेवला, चपला घातल्या आणि येऊन दुकान उघडलं.