ज्योतिबा मुकादमाचा आड

ज्योतिबा मुकादम माण तालुक्यातला. त्याच्या बापाने साठ फूट विहीर खणली आणि साठाव्या फुटालाही खडकच लागला, त्यानंतर बाप फार जगला नाही. ज्योतिबा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला तो रस्त्याच्या कामालाच चिकटला. बायको राजाबाई मात्र गावीच राहिली. कोसभर लांबून हंडे आणून आणून तिच्या डोक्यावरचे मधले केस गेले ते गेलेच. ज्योतिबा सुट्टीवर गेला की ती पदर पुढे ओढून घ्यायची. "तुला एक दिस दारात पाणी देईन," असं तो म्हणायचा आणि ती हसायची. नवऱ्याचं बोलणं ते, किती मनावर घ्यायचं!

एक्क्याण्णव साली नावडे गावाच्या अलीकडे, खाडीकाठी भराव घालून बैठ्या घरांची वसाहत उभी राहत होती. तिथल्या एका गल्लीचा रस्ता ज्योतिबाच्या टोळीकडे आला. रस्त्याच्या कडेने खोल चर खणायचा, तळाशी भोकाभोकांचा पाइप टाकायचा, वर दगडगोटे भरायचे आणि पाइपाचं तोंड नाल्यात सोडायचं, म्हणजे जमिनीतलं पाणी वाहून जातं आणि रस्ता कोरडा राहतो. अडीच फुटांवरच चरात पाणी लागलं. ज्योतिबाने ओंजळीत घेऊन चाखलं. गोड! गडी पंप मागत होते आणि हा बाबा हळदकुंकू शोधत फिरत होता. पाणी लागल्यावर गावाकडे करतात तसं त्याने चराच्या काठावर हळदकुंकू वाहिलं, टोळीला गूळ वाटला. साइटवरचे साहेब हसून म्हणाले, "मुकादम, हे पाणी आपला दुश्मन आहे."

"व्हय साहेब," ज्योतिबा म्हणाला. मनातून त्याला साहेबांची कीव आली.

त्याच गल्लीच्या टोकाला त्याने घर घेतलं. परसात सिमेंटची गोल कडी उतरवून आड केला आणि राजाबाईला घेऊन आला. दोराची गरजच नव्हती. ती काठावर बसली, वाकली आणि हातानेच तांब्या भरून घेतला. मग उगाचच तो ओतून दिला आणि पुन्हा भरला. ज्योतिबा दारात उभा राहून बघत होता. त्याच्या आयुष्यात याहून सुखाचा दिवस आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आड खाली गेला. पाणी कुठे जातंय हे त्याला सांगायला कोणी नको होतं. तो नाल्यावर गेला. भर मे महिन्यात पाइपातून मनगटाएवढी धार पडत होती आणि सरळ खाडीला मिळत होती. रविवारी दुपारी त्याने चिकणमातीची पोती पाइपाच्या तोंडात कोंबली आणि वरून सिमेंट थापलं. वीस वर्षं रस्ते बांधणाऱ्या माणसाला याचा परिणाम कळू नये? कळत होता. पण गोड पाणी खाऱ्यात जाताना बघवत नव्हतं, एवढीच गोष्ट आहे. आठ दिवसांत आड भरला.

दोन पावसाळे रस्त्याने दम धरला. मग डांबराला सुरकुत्या पडल्या, भेगा पडल्या, ऐन फाल्गुनात भेगांतून पाणी झिरपू लागलं. घरांच्या भिंती कमरेपर्यंत ओल्या झाल्या. रस्ता मधोमध खचला. खड्डे बुजवायला टोळी यायची ती ज्योतिबाचीच. लोक कंत्राटदाराला शिव्या घालायचे आणि ज्योतिबा खडी पसरत राहायचा. पोती काढीन म्हणून तो तीनदा नाल्यापर्यंत गेला. तिन्ही वेळा परत आला.

सोसायटीचे सेक्रेटरी दिलीप समोरच राहायचे. त्यांच्या आई सरोजिनीबाई आणि राजाबाई यांचं फार जमायचं. नाक्यावरच्या नळाला पाणी नसलं की राजाबाई स्वतःच्या आडाची कळशी त्यांच्याकडे पोचवायची. पंच्याण्णवच्या श्रावणात सरोजिनीबाई मंगळागौरीची पत्री घेऊन परतत होत्या. वरून धड दिसणारा रस्ता पायाखाली बसला आणि त्या मांडीपर्यंत आत गेल्या. खुब्याचं हाड मोडलं. चिखलात चाकं रुतत होती, रिक्षा आत येईना. माणसांनी त्यांना खाटेवरून नाक्यापर्यंत नेलं. खाटेचा एक पाय ज्योतिबाच्या खांद्यावर होता. दीड महिना अंथरुणात काढून त्या गेल्या.

तेराव्यानंतर ज्योतिबा दिलीपच्या घरी गेला. दिलीप म्हणाले, "या मुकादम. कंत्राटदारावर केस टाकतोय. तुम्ही साक्ष द्याल ना?"

"कंत्राटदार न्हाई," ज्योतिबा म्हणाला. "पाइप म्या बुजवला. आडाचं पाणी जाऊ नये म्हणून."

दिलीप ओरडले असते तर बरं झालं असतं. "शेवटचे दोन दिवस आईला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं," एवढंच बोलून ते आत गेले.

ज्योतिबा तिथूनच पहार घेऊन नाल्यावर गेला आणि सिमेंट फोडलं. घरी येऊन त्याने राजाबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"अवं, मला नुसतं सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर म्या पुन्यांदा कोसभर गेले असते. मला सवय व्हती. त्या म्हातारीला न्हवती वो ह्या खड्ड्यांची."

त्यानंतर ती आडाकडे फिरकली नाही. आड काही पार आटला नाही, पावसाळ्यात अजून वरपर्यंत येतो. राजाबाई मात्र रोज सकाळी त्याच उखडलेल्या रस्त्याने नाक्यावरच्या नळाला जाते आणि डोक्यावर हंडा घेऊन खड्डे चुकवत परत येते. ज्योतिबा रोज अर्ध्या वाटेवर तिला सामोरा जातो, हंडा घ्यायला हात पुढे करतो. ती देत नाही.