राणीचे केस

आपलं काम कसं वाटलं, हे लोकांना विचारायची हौस मला आयुष्यात एकदाच आली. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि कल्याणच्या एका देवळाच्या सभामंडपात मी माझा पहिला जादूच्या दिव्याचा खेळ केला होता. हल्लीची मंडळी बायोस्कोपला जातात, त्यांना हा खेळ काय होता ते सांगावं लागतं. काचेच्या तुकड्यावर रंगीत चित्र काढायचं, ते पेटत्या दिव्यापुढे उलटं धरायचं, पुढे भिंग लावायचं, की समोरच्या पांढऱ्या कापडावर तेच चित्र माणसाएवढं होऊन उभं राहतं. एक काच काढायची, दुसरी सरकवायची, आणि बाजूला उभं राहून कोणीतरी गोष्ट सांगायची. एवढंच. पण अंधारात पहिलं चित्र उमटलं की म्हातारीकोतारी माणसं हात जोडायची.

पैसेवाल्यांकडे विलायती दिवे असत. आमच्याकडे घासलेटचा रिकामा डबा होता. मी ठाण्याला जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे उतरवून काढणारा कारकून होतो. तिथलं चरा पडलेलं एक भिंग साहेबाने मला देऊन टाकलं होतं. काचा फुटक्या तावदानांच्या. गोष्ट माझ्या मित्राने रचली. तो शाळामास्तर होता, गळा बरा होता आणि पेटी वाजवायचा. राजा प्रधानाच्या सांगण्यावरून निर्दोष राणीला रानात सोडतो आणि ते रान तिला सांभाळतं, अशी ती गोष्ट. अठरा काचा झाल्या. त्यांना आम्हाला अख्खा पावसाळा लागला.

आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला. मित्र नुसता सुपारी कातरत बसायचा.

धाकटी अठरा वर्षांची होती. तिला खडवलीकडे दिली होती. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा तापाने गेला आणि चौदाव्या वर्षी ती परत घरी आली. आई त्याआधीच गेली होती. माझी बायको लहान म्हणून अजून माहेरी होती. तेव्हा घरात तिघंच, आमचे वडील आण्णा, मी आणि ती. विधवेचे केस काढायचे हा त्या काळचा नियम, आणि आमच्या आळीत त्याला अपवाद नव्हता. आण्णा तिला घेऊन नाशिकला गेले आणि आठ दिवसांनी परत आले. विधवेचं लाल अलवण नेसलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेली अशी ती गाडीतून उतरली. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. आण्णांनी कोणालाच काही सांगितलं नाही, त्यामुळे ते खोटं बोलले असंही म्हणता आलं नसतं. खरी गोष्ट अशी की नाशकात न्हाव्यापुढे बसल्यावर ती रडली नाही की ओरडली नाही. तिने फक्त आण्णांकडे पाहिलं, आणि आण्णांनी तिला हाताला धरून उठवलं.

त्या पदराखाली तिचे केस शाबूत होते. चार वर्षं ती विहिरीवर गेली नाही, कीर्तनाला गेली नाही, पदर सरकेल अशा एकाही जागी गेली नाही. शेजारणी म्हणत, पोर फार सोवळ्यात राहते हो. आण्णा मान हलवत.

घरात बसून बसून ती चित्रात रमली. रंग खलायचं काम तिचं. झाडांची पानं, गवत, हरणाच्या अंगावरचे ठिपके तिने भरले. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला तिच्या हातात जसा चालायचा तसा माझ्या हातात कधीच चालला नाही, हे मी तिला त्या वेळी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

अकराव्या काचेवर राणी रानात एकटी उभी होती, पाठमोरी होऊन मान वळवून पाहणारी, केस मोकळे सुटलेले. मला नकाशांची सवय. समोर आहे तेवढं उतरवायचं, मनचं काही घालायचं नाही. तीन काचा मी बिघडवल्या. मग तीच म्हणाली, "दादा, माझे बघून काढ ना." मागच्या खोलीची कडी लावून ती खिडकीशी उभी राहिली आणि तिने पदर खाली घेतला. केस कमरेपर्यंत होते. मी ते कमरेपर्यंतच काढले, बोटभरही जास्त नाहीत. चेहराही अर्थात तिचाच आला.

"ओळखेल रे कोणी," ती म्हणाली.

"भावाबहिणीचे चेहरे सारखेच असतात. कोणी विचारलंच तर सांगेन, आरशात बघून काढला."

तिला हसू आलं. आपल्या अकलेवर मी बेहद्द खूश होतो.

पडदाही तिनेच शिवला, आण्णांची दोन जुनी धोतरं जोडून. खेळाच्या दिवशी तिने काचा एकेक पुसून कापसात बांधून दिल्या आणि म्हणाली, "मला घरी दाखव, भिंतीवर. लोक काय म्हणतात तेही सांग. सगळं सांग, वाईटसुद्धा."

कार्तिकातला वद्यपक्ष होता. दिवेलागणीनंतर सभामंडप भरला. मी पहिलीच काच घाईत सुलटी सरकवली, त्यामुळे राजा सिंहासनासकट डोकं खाली करून लटकला आणि अख्खा मंडप हसला. पुढे मात्र सुरळीत झालं. अकरावी काच लागली तेव्हा मित्राने पेटी थांबवली. कोणी खोकलंसुद्धा नाही. बायकांच्या बाजूने कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

खेळ संपल्यावर मी पायरीशी जाऊन उभा राहिलो आणि प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत सुटलो, कसं वाटलं? एक दुकानदार म्हणाला, वाघ आणखी वेळ दाखवा. मित्राच्या हेडमास्तरांनी हरणाचे पाय घोड्याचे झाले आहेत म्हणून सांगितलं. एका काकूंना, राणीला हाकलून देताना तिच्या अंगावर दागिने कसे राहू दिले, हे पटलं नव्हतं. मी सगळ्यांचं हसून ऐकत होतो. कौतुक तर आधीच भरपूर पदरात पडलं होतं.

शेवटी शास्त्रीबुवा आले. आमच्या आळीत त्यांचा शब्द मोठा. त्यांच्या तोंडून कोणाची स्तुती ऐकल्याचं मला आठवत नाही, म्हणून तीच मला हवी होती.

"चित्रं बरी आहेत," ते म्हणाले. "ती राणी तेवढी जमली नाही."

मी विचारलं, "का बरं?"

"चेहरा खरा वाटतो. पण केस? नाटकातल्या टोपासारखे. असे केस कुठे असतात का? मनचे काढलेस, ते दिसतं."

अठरा काचांत जे एकच चित्र मला मनापासून आवडलं होतं, नेमकं त्यालाच त्यांनी नाव ठेवलं. मला झोंबलं. आजही आठवलं की त्या बावीस वर्षांच्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. मी आवाज चढवून म्हणालो, "मनचं काही नाही हं बुवा! समोर उभं करून काढलंय. एकेक बट पाहून उतरवलीय."

"समोर उभं करून? कोणाला?"

त्यांनी सहज विचारलं. त्यात डाव नव्हता, असं मी अजूनही मानतो, कारण प्रश्न विचारून झाल्यावर त्यांचा स्वतःचाच चेहरा उतरला. आमच्या घरात बाई एकच होती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आठदहा जणांनाही ठाऊक होतं. आरशाचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी कमरेपर्यंतचे केस मी आरशात कुठून पाहिले असते? मित्राने पेटीवर कापड टाकलं आणि माझ्याकडे न बघता दिवा विझवला.

घरी ती दार उघडूनच उभी होती. "काय म्हणाले?"

"आवडलं," मी म्हणालो. "हरणाचे पाय घोड्याचे झालेत म्हणे." बाकीचं मी गिळलं.

पुढच्या आठवड्यात आईचं श्राद्ध होतं. दर वर्षी जेवायला येणारे दोन ब्राह्मण ठरलेले. आण्णा सांगायला गेले तर एकाला कणकण होती आणि दुसऱ्याला त्याच दिवशी कोपरीला यजमानाकडे जायचं होतं. आण्णा तिसऱ्याकडे गेले, चौथ्याकडे गेले. चौथ्याने उंबऱ्याच्या आतूनच सांगितलं, आधी घरातलं निस्तरा, मग पान मांडा. आण्णांना तोवर काहीच माहीत नव्हतं. त्यांनी घरी येऊन मला समोर बसवलं आणि मी सगळं सांगितलं. ती आतल्या दाराशी उभी होती.

आण्णा रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "नाशकाहून आल्यापासून मी चार वर्षं सांभाळलं. तुला एक संध्याकाळ सांभाळता आलं नाही?"

मी म्हणालो, आपण ठाण्याला बिऱ्हाड करू, तिथे कोण ओळखतंय. आण्णा म्हणाले, ठाण्याला काय ब्राह्मण नाहीत? शेवटी तीच बाहेर आली. "आण्णा, आईचं पान राहायला नको," ती म्हणाली. "बोलवा त्याला."

न्हावी सकाळी मागच्या दाराने यायचा होता. मी नेहमीच्या गाडीने ठाण्याला कामावर गेलो. रजा मिळाली असती, मी मागितलीच नाही. दिवसभर शीळच्या हद्दीचा नकाशा उतरवत बसलो. त्यात एकही रेघ वाकडी आली नाही, याची मला त्या दिवशी घरातून निघून गेल्यापेक्षाही जास्त लाज वाटते. संध्याकाळी परत आलो तर ती चुलीशी बसली होती, लाल अलवण, पदर कपाळापर्यंत. बाहेरच्या माणसाला काडीचाही फरक दिसला नसता. श्राद्धाला दोन्ही ब्राह्मण वेळेवर आले आणि पोटभर जेवले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी ती म्हणाली, "दादा, मला दाखवणार होतास ना?"

मी टाळून पाहिलं. ती ऐकेना. मग धान्याच्या कोठीत, जिथे खिडकी नाही, तिथे मी दिवा लावला आणि चुना दिलेल्या भिंतीवर एकेक काच दाखवू लागलो. ती पाटावर बसून पाहत होती आणि बोलत होती. हरणाचे पाय खरंच घोड्याचे आहेत रे. प्रधानाचे डोळे छान झालेत. हे झाड मी अजून दाट करायला हवं होतं. दहावी काच झाल्यावर मी अकरावी बाजूला ठेवून बारावी उचलली.

"ती दाखव," ती म्हणाली.

राणी भिंतीवर तिच्याएवढ्याच उंचीची उभी राहिली. धाकटीने बराच वेळ पाहिलं. तिने रडावं, मला वाट्टेल ते बोलावं, काच फोडावी, असं मला वाटत होतं. निदान मला मोकळं तरी झाल्यासारखं वाटलं असतं.

"मान थोडी आखूड झाली," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "केस बरोबर आलेत. शास्त्रीबुवांना कळत नाही." आणि दिव्याची वात मी खाली करत असताना, "म्हणू द्यायचं होतंस ना दादा त्यांना, मनचे आहेत म्हणून. तुझं काय जात होतं?"

मी वात पुरती खाली केली.

तिने ती काच मागून घेतली. मी परत खेळ केला नाही. डबा कोठीतच गंजला, मित्राची बदली झाली. न्हावी दर महिन्याला मागच्या दाराने येत राहिला, आणि त्या सकाळी मी दर महिन्याला लवकरची गाडी पकडत राहिलो. पुढे आण्णा गेले. मग प्लेगच्या साथीत तीन दिवसांच्या तापात धाकटीही गेली. सरकारी माणसं सामान जाळायला यायच्या आत मी तिची लहान पेटी उघडली. आत अलवणाच्या तुकड्यात ती काच होती.

माझा काळा रंग ठिकठिकाणी उडाला होता. त्या जागा कोणीतरी भरल्या होत्या. दिव्याची काजळी डिंकात खलून, माझ्याहून बारीक हाताने, बट न् बट. आखूड मान मात्र तिने होती तशीच ठेवली होती. मी काच दाराशी नेऊन उजेडाला धरली. मी काढलेले केस कमरेपर्यंत होते. आता ते गुडघ्याच्या खाली आले होते.