सातव्या भागाची शेवटची पानं

टेलरमावशींचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेचं दार, दाराला लागून शिलाई मशीन, वर लोंबता दिवा आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले तयार कपडे. शाळेचे गणवेश, पडदे, आखूड करायच्या पँटी, बिघडलेल्या चेन. कपड्यांच्या बाबतीत नवल वाटायचे आपले दिवस संपले, असा मावशींचा समज होता.

तो समज बँकेतल्या कारकुनाने मोडून काढला. चाळिशीचा माणूस, खाली बघून बोलणारा. त्याने खिशातून घडी केलेलं एक चित्र काढून मशीनवर ठेवलं. घोट्यापर्यंत लांब राखाडी झगा, त्याला मोठी टोपी, आत डावीकडे एक खिसा.

"कुणासाठी शिवायचाय?" मावशींनी विचारलं.

"माझ्याचसाठी," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "आणि खालची किनार दुमडायची नाही. तशीच उघडी ठेवायची."

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, दशा निघतील. दोन दिवसांत पोतेरं होईल त्याचं."

"निघायलाच हव्यात."

"माझ्या दुकानातून किनार दुमडून हेम न घातलेला कपडा आजवर बाहेर गेलेला नाही."

कारकून इतका हिरमुसला की मावशींना त्याची दया आली. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि असं का, ते विचारलं. मग बँकेत "इथे सही करा" यापलीकडे कधी न बोलणारा हा गृहस्थ जो सुटला तो सुटलाच. 'सात दारं' नावाची सात भागांची कादंबरी. तिच्यात एका डोंगराला सात दारं आहेत, प्रत्येक दारापलीकडे वेगळं जग आहे, आणि प्रत्येक दाराशी एक राखणदार बसलेला आहे. राखणदार घर सोडतो तेव्हा घरचं माणूस त्याला झगा शिवून देतं, पण किनार उघडी ठेवतं. नोकरी संपवून तो घरी परतला की मगच हेम घालायचं. तोवर झग्याच्या दशा निघत राहतात. ज्याच्या दशा जास्त, तो जास्त दिवस बाहेर राहिलेला. कारकुनाची मित्रमंडळी वर्षातून एकदा जमायची आणि ज्याला जे जग आवडतं त्या जगातले कपडे घालून यायची. तिथे दुमडलेली किनार घेऊन गेला असता तर त्याची छी थू झाली असती.

पण मावशींचं लक्ष नावापाशीच अडकलं होतं. 'सात दारं' हे नाव त्यांनी ऐकलं होतं. ऐकलं कसलं, त्या नावाने त्यांनी एके काळी बोटं मोडली होती.

त्यांची एकुलती एक लेक शाळेत असताना ताटावर हीच पुस्तकं घेऊन बसायची. हाक मारली तरी कुणी घरात आहे असं वाटू नये, इतकी ती त्यात बुडालेली असे. आता ती विमानाने जावं लागेल इतक्या लांब नोकरीला होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलीस का, हवा कशी आहे, बाबांचा गुडघा कसा आहे, एवढं झालं की दोन्हीकडे शांतता पसरायची. भांडण नव्हतं, राग नव्हता, फक्त बोलायला काही उरलेलं नसायचं. फोन ठेवण्याजोगं कारण आधी कोण शोधतंय याची दोघी वाट बघायच्या. त्या शांततेची मावशींना शनिवारपासूनच धास्ती वाटायची. पोर अशीच हातातून निसटत जाणार, एक दिवस रविवारही चुकणार, हे त्यांना दिसत होतं आणि त्यावर काय करावं ते सुचत नव्हतं.

माळ्यावरच्या खोक्यात सहा भाग सापडले. खरंच सांगायचं तर मावशींनी पहिला भाग उघडला तो फक्त झग्यासाठी. कारकुनाच्या चित्रावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि खिसा डावीकडे की उजवीकडे हे मुळातून बघितल्याशिवाय कापडाला कात्री लावणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. खिशाचा पत्ता दुसऱ्या प्रकरणातच लागला. त्यानंतरही त्या वाचतच राहिल्या.

"भाजीला मीठ घातलं नाहीस," नवरा म्हणाला. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून घरी बसलेला माणूस. त्याचं बोलणं मोजकं, कोपरखळ्या सढळ.

"वरून घ्या."

"कुठल्या दारापर्यंत पोचलीस?"

"तिसऱ्या. गप्प जेवा."

पहिल्या दाराशी बसलेला सगळ्यांत वयस्कर राखणदार, त्याला पुस्तकात सगळे थोरला म्हणत. तो रोज संध्याकाळी आपल्या बायकोशी बोलल्यासारखा मोठ्याने बोलायचा आणि ती कधीच ऐकत नव्हती, कारण ती कितीतरी कोस लांब होती. लेकीने त्याच्या बोलण्याखाली जागोजागी पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. त्या रेघांवरून बोट फिरवताना मावशींना भरून आलं. याच घरात, याच पलंगावर बसून पोरगी इतकी लांब जाऊन येत होती, आणि आपल्याला वाटत होतं की ती इथेच आहे. तेव्हा एकदा जरी विचारलं असतं, "काय गं, काय चाललंय तिथे?" तर तिने सांगितलं असतं.

मग त्यांनी आत्ताच विचारलं. रविवारी गुडघ्यापर्यंत बोलणं झालं, शांतता सुरू व्हायच्या बेताला आली, आणि मावशी म्हणाल्या, "तो थोरला बायकोशी बोलतो, ते तिला कधी कळतं का गं?"

पलीकडून लेकीने विचारलं, "आई, तू काय वाचतेयस?"

त्या दिवशी फोन तापला. पुढचे रविवारही तसेच गेले. कुठल्या दारापलीकडे राहायला आवडेल यावर मायलेकींची जुंपायची. लेकीला तिसरं जग हवं होतं, जिथे माणूस जितका चालेल तितकाच म्हातारा होतो. मावशींना दुसरं, कारण तिथे अंधार पडत नाही आणि शिवायला उजेड बरा. कारकुनाच्या मंडळींचीही कामं आता यायला लागली होती. कुणाला पाण्याखालच्या शहरातला अंगरखा हवा, कुणाला पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अंतराळयानातल्या स्वयंपाक्याचा पोशाख. मावशींचं सगळ्या जगांबद्दल एकेक मत तयार झालं.

"त्या यानातले सगळे जण गळ्यापासून पायापर्यंत एकसंध कपडा घालतात," त्या लेकीला म्हणाल्या. "लिहिणाऱ्याला मोरीत जायची वेळ कधी आलीच नसावी."

लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. मावशी त्या ठसक्यावर दोन दिवस खुशीत होत्या.

सहावा भाग संपला. खोक्यात सातवा नव्हता. झग्याचं माप बघायला आलेल्या कारकुनाने आपला सातवा आणून दिला आणि मावशींनी शिलाई बाजूला सारून तो वाचला. शेवटाकडे थोरला दार बंद करण्यासाठी आतल्या बाजूने ढकलत राहतो आणि दारासकट डोंगर कोसळतो. ते वाचताना मावशी ढसाढसा रडल्या. पान दुमडून त्यांनी पुस्तक मिटलं आणि कपाटात ठेवून दिलं.

त्या रविवारी फोन उचलल्या उचलल्या त्या म्हणाल्या, "गेला गं बिचारा. थोरला गेला. दारासकट गाडला गेला. मला तर जेवण गेलं नाही."

लेक काहीच बोलली नाही. आधीची शांतता मावशींच्या ओळखीची होती, ही तशी नव्हती.

"आई," ती शेवटी म्हणाली, "मी सातवा वाचला नव्हता."

"म्हणजे?"

"नोकरीला इकडे आले त्याच वर्षी तो आला. विकत घेतला आणि तसाच ठेवला. तो वाचला की सगळं संपलंच ना. कधी अगदी एकटं वाटलं तर असू दे, म्हणून ठेवला होता." मग ती म्हणाली, "फोन ठेवते मी."

आपण काय केलं ते त्यांना नीट कळलं होतं. पोरीने अडीअडचणीसाठी जपून ठेवलेला घास आपण बडबडीच्या भरात खाऊन टाकला होता. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्यांनी केला तर "कामात आहे" असा निरोप आला. त्याच्या पुढचा रविवारही तसाच गेला.

झगा न्यायला कारकून आला तेव्हा मावशींनी सगळं त्याच्यापुढे ओतलं. तो ऐकता ऐकता उभाच राहिला.

"मावशी, तुम्ही सांगितलंत? न वाचलेल्याला?" कुणी देवघरात चपला घालून आल्यासारखं त्याने त्यांच्याकडे बघितलं. मग जरा सावरून विचारलं, "नेमकं काय सांगितलंत?"

"हेच की थोरला मेला."

कारकुनाने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. काहीतरी जिभेवर आलेलं त्याने महत्प्रयासाने गिळलं, हे मावशींनाही दिसलं.

"तुमचं पुस्तक घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मला ते डोळ्यांसमोर नको."

"नको नको. राहू दे," तो घाईने म्हणाला. "अजून राहू दे तुमच्याकडे. मी मागायला येईपर्यंत राहू दे." आणि उघड्या किनारीचा झगा काखेत मारून तो जवळजवळ पळालाच.

फोन आला तो बुधवारी, भर दुपारी, मावशी गणवेशाला काज करत असताना.

"आई," लेक म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "काल मी वाचला. सगळा. शेवट कळलाच आहे तर ठेवून काय उपयोग, म्हटलं."

"चुकलं गं माझं."

"ते राहू दे. तू मला सांग, तू शेवटचं पान वाचलंस?"

"कशाला? माणूस गेल्यावर पुढे काय वाचायचं? नुसती रडारड असणार."

पलीकडून हसू आलं. तोच ठसका लागणारा. "किती पानं सोडलीस?"

मावशींनी कपाटातून पुस्तक काढलं. दुमडलेलं पान उघडून उरलेली चिमटीत धरली. "असतील तीसेक."

"मग वाच."

"आता मेले, काय होतं ते सांगून टाक ना."

"अजिबात नाही सांगणार. तुझ्यासारखी नाहीये मी."

हा टोला मावशींनी मुकाट्याने घेतला. तो गोडच लागला. "बरं, वाचून झाल्यावर फोन करते," त्या म्हणाल्या.

"कशाला? धरते मी. मला पण ती पानं परत वाचायचीयेत."

मावशींनी फोन स्पीकरवर टाकून मशीनच्या पाटावर, खडूच्या डबीशेजारी ठेवला, दिवा लावला आणि वाचायला घेतलं. मधेच पलीकडे पान उलटल्याचा आवाज येई. मधेच इकडे. डोंगराच्या पलीकडच्या अंगाने कोणीतरी धुळीने माखलेला उतरत होता, गुडघ्यापर्यंत दशा निघालेला झगा ओढत. एका घराचं दार उघडलं. म्हातारीने काही विचारलं नाही, त्याला बसवलं आणि सुई घेऊन ती त्याच्या पायाशी बसली.

मावशींना अक्षरं दिसेनाशी झाली. त्यांनी चष्मा पुसला.

"कुठला टाका घातला ते लिहिलेलंच नाही," त्या म्हणाल्या.

"पुढे वाच," लेक म्हणाली.

चहाचं विचारायला नवरा आतून आला. बायको वाचत होती. फोन चालू होता आणि त्यातून काहीही ऐकू येत नव्हतं.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"लेक."

"कुणीच बोलत नाहीये. मग ठेव की."

"असू दे," मावशी पान उलटत म्हणाल्या. "चालू असू दे."